भय कोणाच्या वाट्याला?

मराठी समीक्षेने भयाला आजवर ओसरीवरच बसवले आहे. माजघरात घेतलेले नाही. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या भयकथांना पिढ्यान्‌पिढ्या वाचक लाभले, पण समीक्षेत त्यांची बोळवण बहुधा 'लोकप्रिय' या एका विशेषणावर होते. भयकथेची ही गत, तर व्हिडिओ गेमला कोण विचारतो? 'कॅसलव्हेनिया'सारख्या खेळाचा विषय निघताच तीन उत्तरे तयार असतात : त्याचे आकर्षण म्हणजे स्मरणरंजन, ते पलायन आहे, आणि ते परके आहे. ही तिन्ही उत्तरे खेळाच्या संरचनेकडे पाठ फिरवून दिलेली आहेत.

स्मरणरंजनाचा आक्षेप सर्वांत दुबळा आहे. कोनामी या कंपनीने हा खेळ १९८६ मध्ये जपानात आणला. त्याच्या परंपरेतील 'सिम्फनी ऑफ द नाइट' (१९९७) या खेळानंतर 'मेट्रॉइडव्हेनिया' हे एका अख्ख्या प्रकाराचे नाव रूढ झाले. 'हॉलो नाइट' (२०१७) हा त्याच प्रकारातला. मूळचे जुने भाग २०१९ मध्ये एकत्रितपणे पुन्हा विक्रीस आले. ज्यांच्या बालपणात हा खेळ नव्हताच, असे लोकही तो आज खेळतात. त्यांचे कोणते स्मरण येथे रंजन करते? जी कृती आपल्या मूळ ग्राहकांच्या पलीकडे जाऊन नव्या कृतींना व्याकरण पुरवते, तिला अभिजात म्हणण्याची रीत साहित्यात आहे. खेळापाशी येताच ती रीत का मोडावी?

पलायनाचा आक्षेप अधिक गंभीर आहे, कारण त्याला वरवर आधार सापडतो. खेळाची कथा क्षीण आहे, हे मान्यच करावे लागेल : सायमन बेलमॉण्ट हा चाबूकधारी नायक ड्रॅक्युलाच्या किल्ल्यात शिरतो आणि त्याला मारतो. परंतु भय कथेत नाहीच; ते नियमांत आहे. सायमनचे पाय एकदा जमिनीवरून सुटले की हवेत त्याची दिशा बदलता येत नाही. चाबूक कळ दाबताक्षणी लागत नाही. हात मागे जाऊन तो सुटेपर्यंत क्षण निघून जातो. जिन्यावर असताना उडी मारता येत नाही. शत्रूचा आघात झाला की सायमन मागे फेकला जातो, आणि मागे अनेकदा खड्डा असतो. घेतलेला निर्णय परत घेता येत नाही, एवढीच या खेळाची भयकल्पना आहे. पलायन करणाऱ्याला निर्णयापासून सुटका हवी असते. येथे प्रत्येक पायरीवर निर्णयाची किंमत वसूल केली जाते.

या ठिकाणी रसचर्चेची अडचण उघडी पडते. भरताने भयानकाला चार मूळ रसांत स्थान दिले नाही. त्याची उत्पत्ती बीभत्सापासून सांगितली. उत्साह उत्तम प्रकृतीच्या पात्रांचा, तर भय स्त्रियांचे आणि 'नीच' प्रकृतीच्या पात्रांचे, अशी वाटणीही नाट्यशास्त्रात आहे. ही वाटणी केवळ मंचापुरती राहिली नाही. भय हा हलक्यांचा भाव, म्हणून भयाचे वाङ्मयही हलके, हा समीक्षेचा न बोललेला निष्कर्ष तिच्यातूनच आला. 'कॅसलव्हेनिया' ही वाटणी मोडतो. पडद्यावरचा सायमन ताठ आहे, त्याच्या चेहऱ्यावर कोणताही अनुभाव नाही. भय आहे ते खेळणाऱ्याच्या बोटांत, आणि उत्साहही त्याच बोटांत. एकच हात घाबरतो आणि तोच पुढची उडी घेतो. वीर आणि भयानक यांचे असे एकाश्रयी अस्तित्व सिद्ध करणारी कृती टिकली, यात नवल नाही. तिला वर्ज्य मानणारी मीमांसा टिकली, याचे मात्र नवल वाटावे.

उरतो परकेपणाचा आक्षेप, जो हल्ली देशीवादाच्या नावाने सोयीस्करपणे केला जातो. पण ट्रान्सिल्व्हेनिया जपान्यांना तरी कुठे स्वकीय होती? आयरिश लेखक ब्रॅम स्टोकरची १८९७ची कादंबरी आणि पाश्चात्त्य भयपट यांवर त्यांनी आपला किल्ला उभारला. खेळाच्या अखेरच्या नामावलीत खऱ्या निर्मात्यांऐवजी भयपटांतील नावांची विडंबने येतात. किनुयो यामाशिता ही संगीतकर्ती तेथे 'जेम्स बनाना' होते. परकेपण लपवण्याचा हा प्रयत्न नव्हे. उसनवारीची ती हसतखेळत दिलेली कबुली आहे. इकडे राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड'ने (२०१८) कोकणातील वाडा, पिठाची बाहुली आणि पिठाचेच रिंगण घेऊन पुन:पुन्हा खाली उतरण्याचा, चूक होताच जीव घेणारा नियमबद्ध विधी रचला. २०२४ मध्ये पुन:प्रदर्शित झाल्यावर या चित्रपटाने पहिल्या वेळेपेक्षा अधिक कमाई केली. रूप परके नसते. ते वापरण्याची हिंमत परकी वाटते.

आणि ज्यांना भयाची देशी भूमी हवी आहे, त्यांनी मुळशीकडे पाहावे. कैलासगडावरून मुळशीचा जलाशय दिसतो. मराठी मनाला तेथे गड दिसतो, म्हणजे वीररस दिसतो. त्या पाण्याखाली गावे आहेत. टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजी तेथे सत्याग्रह सुरू झाला. जमिनीचे मालक असलेल्या सावकारांनी मोबदला स्वीकारला. कसणाऱ्या मावळ्यांच्या वाट्याला पाणी आले. पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले, म्हणून नेत्याचा वीर आपल्याला सांगता येतो. लढा हरला, म्हणून करुणही सांगता येतो. पण पाणी चढत असताना उंबऱ्यात उभ्या असलेल्या कुळाचे भय? त्याला आपल्या समीक्षेत जागाच नाही, कारण भय 'उत्तमां'चे नसते.

गॉथिक रूपाला नेमके हेच सांगता येते. स्टोकरचा ड्रॅक्युला आधी जमीनदार आहे. त्या कादंबरीची सुरुवातच लंडनमधील मालमत्तेच्या व्यवहारासाठी निघालेल्या वकिलापासून होते. खेळातला ड्रॅक्युला दर शंभर वर्षांनी परततो आणि त्याच्यासोबत किल्लाही उभा राहतो. मुळशीच्या सत्याग्रहाला २०२१ मध्ये शंभर वर्षे झाली. धरणाला परतावे लागले नाही. ते गेलेलेच नव्हते. सत्ता आपल्या मालकाहून दीर्घायुषी वास्तू मागे ठेवते आणि त्या वास्तूचे नियम इतरांना पडत-झडत शिकावे लागतात, हे ज्ञान 'कॅसलव्हेनिया' प्रत्येक उडीगणिक देतो. समीक्षेला ते खेळाकडून शिकण्याची लाज वाटत असेल, तर तिने ते मुळशीकडून तरी शिकावे. दोन्हीकडून न शिकता भयाला ओसरीवर बसवून ठेवणारी समीक्षा अभिरुचीचे रक्षण करीत नाही. ती भरताच्या वाटणीतील उत्तम प्रकृतीच्या पात्रांचा पहारा तेवढा करते.