परीक्षा खुली, वाट बंद

इंग्रजांनी १८५५ मध्ये सनदी नोकरीसाठी स्पर्धा परीक्षा सुरू केली, तेव्हा वशिल्याची सद्दी संपली म्हणून मोठे कौतुक झाले. परीक्षा हिंदी तरुणांनाही खुली होती, फक्त ती लंडनला होत असे. पुढे वयोमर्यादा २१ वरून १९ वर आली. म्हणजे मिसरूड फुटते न फुटते तोच साता समुद्रापार जायचे आणि लॅटिन-ग्रीक घोकत वाढलेल्या पोरांशी टक्कर द्यायची. ही परीक्षा हिंदुस्थानात घ्यायला १९२२ उजाडले. तोवर उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांनी पक्षपात केला, असे म्हणायला मात्र फारशी जागा नव्हती.

सुरगाण्यातल्या मुलांच्या कॉलेजप्रवेशाचा विचार इथून सुरू करायला हवा. १९४८ पर्यंत संस्थान असलेला, गुजरातच्या हद्दीला टेकलेला हा नाशिक जिल्ह्यातला तालुका. वस्ती कोकणा, वारली, महादेव कोळी, भिल्लांची. भात आणि नागली निघाली की अनेक कुटुंबे दिवाळीनंतर निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत मजुरीला जातात. बारावीचा अभ्यास नेमका त्याच महिन्यांतला.

एकेकाळी महाराष्ट्रात मेडिकल-इंजिनिअरिंगची दारे बारावीच्या गुणांवर उघडत. बोर्डाबोर्डांतला फरक आणि कॉप्यांचा सुळसुळाट यांमुळे ते गुण संशयास्पद ठरले आणि सामाईक प्रवेश परीक्षा, म्हणजे सीईटी आली. मग मेडिकलसाठी २०१३ मध्ये देशभरची नीट परीक्षा झाली, त्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने ती रद्द केली आणि २०१६ मध्ये तीच परत आली. इंजिनिअरिंगला २०१४ आणि २०१५ साली जेईई मेन, २०१६ ला पुन्हा सीईटी. दर वेळी कारण न्यायाचेच दिले गेले आणि दर वेळी शहरातल्या क्लासने महिन्याभरात आपली पाटी बदलली. आश्रमशाळेला तशी पाटी बदलता येत नाही.

आज इंजिनिअरिंगसाठी बारावीला राखीव प्रवर्गाला ४० टक्के मिळाले की पुरते. पुढचे सगळे सीईटीच्या पर्सेंटाइलवर. भौतिक आणि रसायनशास्त्राचे प्रश्न मराठीत मिळतात, गणिताचे मात्र इंग्रजीतच. दहावीपर्यंत ‘त्रिकोणमिती’ शिकलेल्या मुलीने ५० गणिते ९० मिनिटांत सोडवायची, आणि त्यातला काही वेळ प्रश्न उमगण्यातच जायचा. तिची बुद्धी इथे मोजली जाते की अकरावी-बारावीत तिला गणिताचा शिक्षक मिळाला होता की नाही, हे? आमच्या मते बव्हंशी दुसरेच.

यावर लातूरचा दाखला हमखास दिला जातो. मुंबई-पुण्यापासून दूर, पाण्याची ओरड असलेल्या गावाने परीक्षा जिंकून दाखवल्याच की! दाखला खरा आहे. पण लातूर पॅटर्न उभा राहिला तो जिद्दी प्राध्यापकांवर आणि शेत विकून का होईना, पोराची खोली आणि मेस भागवणाऱ्या पालकांवर. द्राक्षाच्या बागेत मजुरी करणाऱ्याने विकायचे काय?

आरक्षण आहेच, आणि हवेच. राज्यात अनुसूचित जमातींना ७ टक्के. पण त्या रांगेत नाशिक शहरात वाढलेला, दोन वर्षे नामांकित क्लासला गेलेला अधिकाऱ्याचा मुलगाही उभा असतो. कट-ऑफ तो ठरवतो. मेडिकलच्या ७० टक्के जागा त्या-त्या विभागातल्या मुलांना देणारा प्रादेशिक ७०:३० कोटा २०२० मध्ये रद्द झाला. तो होता तेव्हाही सुरगाणा ‘उर्वरित महाराष्ट्रा’त, म्हणजे मुंबई-पुण्याच्याच पंगतीत होता.

परीक्षाच काढून टाका, असे आम्ही म्हणणार नाही. अमेरिकेतल्या एमआयटीने सॅट या प्रवेश परीक्षेची सक्ती उठवली होती. २०२२ मध्ये ती परत आणताना त्यांनी सांगितले की गरीब घरातले हुशार मूल ओळखायला हेच गुण उपयोगी पडतात. बारावीच्या गुणांकडे परतलो तर कॉपीची केंद्रे पुन्हा फुलतील, हे कोणीही सांगेल.

जवळचा धडा तमिळनाडूत आहे. नीट नको म्हणत भांडत असतानाच त्या राज्याने २०२० मध्ये सरकारी शाळांतून शिकून नीट उत्तीर्ण झालेल्यांसाठी मेडिकलच्या ७.५ टक्के जागा राखल्या. गुण तेच राहिले, ते कुठल्या शाळेतून आले हे मोजले गेले. महाराष्ट्राने आदिवासींच्या ७ टक्क्यांच्या आत आश्रमशाळेत शिकलेल्यांचा असा हिस्सा ठरवावा, आणि सीईटीचे गणितही मराठीत छापावे. यातल्या दुसऱ्या कामाला तर कोर्टाची पायरीही चढावी लागत नाही. प्रवेशफेऱ्यांचे वेळापत्रक आखणाऱ्यांनी एवढे पाहावे की पसंतीक्रम भरायचे मोजके दिवस पावसाळ्यात, ऐन आवणीत येतात. घरातले सगळे हात तेव्हा चिखलात असतात आणि रेंज शोधायला टेकडी चढावी लागते.