खोडदचं आकाश, दोन पडद्यांवर

जुन्नर तालुक्यातल्या खोडदची जीएमआरटी म्हणजे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण. १४ अँटेना मधोमध दाटीनं, उरलेल्या १६ इंग्रजी वायच्या आकारात दूरवर. ही दुर्बीण फोटो काढत नाही, आकडे गोळा करते. त्या आकड्यांतून आकाशाचं चित्र घडवायला खगोलशास्त्रज्ञ लिनक्स या संगणक प्रणालीवर चालणारी एआयपीएस आणि कासा ही सॉफ्टवेअर वापरतात. एआयपीएसमध्ये आज्ञा एका खिडकीत टाइप करायची, चित्र उमटतं दुसरीत. वीजतारांचा किंवा मोबाइल टॉवरचा व्यत्यय तिथे वेगळा उठून दिसतो. तो हेरून माउसनं खूण करायची आणि वगळायचा. अशा वेळी एक खिडकी दुसरीखाली दडली की लय तुटते, म्हणून दुसरा मॉनिटर ही चैन नव्हे, गरज आहे. लिनक्सच्या नोम डेस्कटॉपवर सुपर, म्हणजे बहुतेक कीबोर्डांवर विंडोजचं चिन्ह असलेली कळ, शिफ्ट आणि बाण एकत्र दाबले की खिडकी शेजारच्या पडद्यावर जाते. नुसतं सुपर आणि डावा-उजवा बाण दाबला तर ती अर्धा पडदा व्यापते. टेबलावर मॉनिटर ज्या बाजूला आहे, त्याच बाजूला तो डिस्प्ले सेटिंग्जमध्येही सरकवावा. नाहीतर माउस कडेला अडतो. लिनक्स फुकट मिळतं आणि जुन्या संगणकावरही चालतं. नारायणगाव-मंचरच्या विज्ञान शाखेतल्या मुलांनी अडगळीतला मॉनिटर जोडून दोन पडद्यांची ही मांडणी जरूर करून पाहावी.