'टेन्शन घेऊ नकोस' म्हणण्याआधी



या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी एक पत्र आम्ही दोनदा वाचले. भगिनी लिहितात, "पहिलं बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेलं. आता पुन्हा सातवा चालू आहे. बाळ थोडा वेळ शांत राहिलं की हातपाय गार पडतात. रात्रीची झोप नाही. घरचे म्हणतात, टेन्शन घेऊ नकोस, बाळावर परिणाम होईल. ते ऐकलं की टेन्शनचंच टेन्शन येतं."

घरचे मायेनेच बोलतात, यात शंका नाही. पण आम्ही वर्गात रोज पाहतो, "लक्ष दे" असे दहा वेळा ओरडून मुलाचे लक्ष लागत नाही. लक्ष कुठे ठेवायचे आणि ते सुटले की परत कसे आणायचे, हे शिकवावे लागते. मनाच्या शांततेचेही तसेच आहे.

हे शिकवणाऱ्या पद्धतीला माइंडफुलनेस म्हणतात, मराठीत सजगता. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी 1979 साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात यावर आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम सुरू केला. मुळे बौद्ध ध्यानपरंपरेत असली तरी रुग्णालयात शिकवताना त्यांनी त्याला साध्या सरावाचे रूप दिले. काही भगिनींना प्रश्न पडतो, हे आपल्याला चालेल का? खाली सांगितलेल्या सरावात कोणताही मंत्र नाही, पूजा नाही. आपल्या श्वासाकडे लक्ष देणे, एवढेच आहे. नमाजमध्ये मन बाजारात जाऊन येते आणि आपण त्याला परत आणतो, हा अनुभव कुणाला नाही? मन परत आणण्याची ही सवय आपल्या ओळखीचीच आहे.

याचा उपयोग होतो का? बार्सिलोनात 1,221 गरोदर स्त्रियांवर झालेला एक अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. या सर्वजणींना बाळ कमी वाढीचे होण्याचा धोका अधिक होता. नेहमीची देखभाल मिळालेल्या गटात 21.9 टक्के बाळे कमी वाढीची जन्मली. सजगतेवर आधारलेला ताण कमी करण्याचा कार्यक्रम केलेल्या गटात हे प्रमाण 15.6 टक्के होते. म्हणजे मदत होऊ शकते. पण याचा उलटा अर्थ कुणी काढू नये. "तू काळजी केलीस म्हणून बाळ गेले" असे कोणत्याही आईला म्हणणे हा जुलूम आहे.

आता करायचे कसे ते पाहू. पाठीला लोड किंवा उशी लावून आरामात बसावे, पाय जमिनीवर टेकवावेत. शेवटच्या महिन्यांत पाठीवर उताणे पडून करू नये. एक हात पोटावर ठेवावा. श्वास आत येताना पोट वर येते, जाताना खाली जाते, तेवढेच पाहावे. श्वास रोखू नये, ओढूनताणून लांबवू नये. मन मागच्या वेळेकडे धावेल. तेव्हा स्वतःवर न चिडता मनात म्हणावे, "भीती आली," आणि पुन्हा श्वासाकडे यावे. मग कपाळ, जबडा, खांदे सैल सोडावेत. सुरुवातीला पाच मिनिटे पुरेत. फजरनंतर किंवा झोपण्याआधीची वेळ बरी. डोळे मिटल्यावर जुन्या आठवणी अंगावर येत असतील तर डोळे उघडावेत, समोरच्या वस्तू पाहाव्यात आणि त्या दिवसापुरते थांबावे.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली, रक्त गेले, डोके फार दुखले, डोळ्यांपुढे अंधुक झाले किंवा चेहऱ्यावर अचानक सूज आली, तर श्वासाचा सराव करत बसू नये. दिवस असो वा रात्र, लगेच दवाखान्यात जावे. जिचे एक बाळ गेले आहे तिने तर "उगाच धावपळ केली असं म्हणतील" हा संकोच मुळीच ठेवू नये. तपासून सारे ठीक निघाले, तर ती फेरी वाया गेली असे समजू नये.

भीती किंवा उदासी दोन आठवडे सरली नाही, अन्नावरची वासना गेली, जगणे नकोसे वाटू लागले, तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगात सुमारे 10 टक्के गरोदर स्त्रियांना मानसिक आजार होतो, विकसनशील देशांत त्याहून जास्त. हा ईमानाचा कमकुवतपणा नव्हे. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते, तिथे मनाचेही बोलावे. सरकारची टेली-मानस सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे. मराठीतही बोलता येते.

आणि घरच्यांनो, पाच मिनिटांचा सराव करायला आधी पाच मिनिटे मोकळी मिळावी लागतात. रोट्या, पाणी, पाहुणे, मोठ्या मुलाचा डबा यांतून तिला ती कोण देणार? सासूबाईंनी तेवढा वेळ चूल सांभाळावी. शौहरांनी मोबाइल बाजूला ठेवून तिच्याजवळ बसावे, तपासणीला सोबत जावे. गेलेल्या बाळाचे नाव घरात काढायचेच नाही, असा अलिखित नियम असेल तर तो मोडावा. तिला त्या बाळाबद्दल बोलायचे असेल, तर सल्ला न देता ऐकावे.

"टेन्शन घेऊ नकोस" म्हणण्याआधी तिच्या हातातले एखादे काम आपल्या हातात घ्यावे. मग ते शब्द बोलायची गरजही फारशी उरणार नाही.