म्हातारा ससा घरी आणताना

जत्रेत सशाची पांढरीशुभ्र पिल्लं दिसली की मुलं हट्ट धरतात आणि एखादं पिल्लू घरी येतं. पुढं कौतुक ओसरतं, कोपऱ्याला वास येऊ लागतो, मुलांच्या परीक्षा सुरू होतात. पण ससा वर्ष-दोन वर्षांचा पाहुणा नव्हे. नीट सांभाळला तर तो आठ-दहा वर्षं जगतो. मग कुणीतरी सोडून दिलेला, सहा-सात वर्षांचा, थकलेला ससा एखाद्या शेजारणीच्या हाती लागतो आणि आपल्याला विचारणा होते, "तुम्ही ठेवून घेता का?" 'हो' म्हणण्याआधी काय काय पाहावं, ते आज सांगते.

आधी कायद्याचं. पाळीव ससा वेगळा आणि शिवारातला तपकिरी रानससा वेगळा. उसाच्या फडात सापडलेला रानससा घरात ठेवता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला संरक्षण आहे. पाळीव जनावराला उपासमारीच्या तोंडी सोडून देणं हाही १९६० च्या कायद्यानं गुन्हाच आहे. या कायद्यामागं नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत केलेली खटपट होती, हे आपण बायकांनी तरी लक्षात ठेवावं.

आता घरचं. म्हाताऱ्या सशाचं काम थोडं असतं, पण रोजचं असतं. सणवार, पाहुणे, लग्नसराई, काहीही असो, त्याला सुट्टी नाही. तेव्हा कोण काय करणार ते आणण्याआधीच ठरवा. 'आई बघेल' हे उत्तर मान्य करू नका! मुलानं गवत आणायचं, मुलीनं अंथरूण बदलायचं, ह्यांनी डॉक्टरांकडं न्यायचं, अशी वाटणी झाली तरच हा पाहुणा घरात सुखानं राहील.

सशाचं मुख्य अन्न गाजर नव्हे, गवत. त्याचे दात जन्मभर वाढत राहतात आणि गवत चावूनच ते झिजतात. वाळलेलं स्वच्छ गवत पुढ्यात कायम असू द्या. जोडीला हरळी, कोथिंबीर, थोडा मुळ्याचा पाला. फवारणी केलेल्या बांधावरचं गवत मात्र आणू नका. लसूणघासात चुना फार असतो, म्हणून मूतखड्याचा त्रास असणाऱ्या म्हाताऱ्या सशाला तो नको. भाकरी, बिस्किटं, गूळ, दूध नको. कांदा, लसूण, बटाटा तर मुळीच नको. गाजराची एखादी चकती म्हणजे त्याची मिठाई समजा. पाणी बाटलीऐवजी जड, पसरट वाडग्यात ठेवा, म्हणजे मान वर करावी लागत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ससा आजार लपवतो. रानात जो दुबळा दिसला त्याची शिकार होते, म्हणून दुखलं तरी तो मुकाट बसतो. 'किती शहाणा, त्रास म्हणून देत नाही,' असं म्हणून निर्धास्त होऊ नका. (घरातल्या काही माणसांचंही असंच असतं, नाही का?) रोज सकाळी दोन गोष्टी बघा : रात्रीचं गवत संपलं का आणि लेंड्या नेहमीइतक्या पडल्या का. दहा-बारा तास काही खाल्लं नाही, लेंड्या थांबल्या, तर आतडं बंद पडत चाललंय असं समजून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पहाटे स्वतःच्या मऊ लेंड्या तो खाताना दिसला तर ओरडू नका. पचनासाठी त्याला त्या लागतातच. आठवड्याला वजन करा. आपल्या हुपरीत काट्याला काय तोटा!

सांधे धरलेल्या सशाला जाळीवर ठेवू नका, पाय सोलतात. खाली बारदान आणि वर मऊ चादर घाला. दोरे सुटलेली वाकळ नको, तो दोरे गिळतो. त्याला वाकून अंग साफ करता येत नाही, म्हणून मागची बाजू रोज ओल्या फडक्यानं पुसून कोरडी करा. पावसाळ्यात तिथं माशी बसून अळ्या पडतात आणि ससा दगावतो. अंघोळ मात्र घालू नका. उचलताना कानाला धरू नका. एक हात छातीखाली, एक मागच्या पायांखाली.

सशाला घाम येत नाही, उष्णता कानांवाटे जाते. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत तो टिकायचा नाही. थंड फरशीवर, ओल्या पडद्याआड ठेवा. ज्यांच्या घरात चांदीचं काम चालतं त्यांनी आणखी जपावं. भट्टीचा धूर, तेजाबाची वाफ, पॉलिशच्या मशिनचा आवाज यांपासून तो दूर हवा, आणि जमिनीवर घुंगरू पडलेले नकोत.

औषध घरचं देऊ नका. माणसांच्या अ‍ॅमॉक्सिसिलिनसारख्या गोळ्या पोटात गेल्या तर त्याच्या आतड्याचा सगळा कारभार बिघडून जीव जातो. गावातल्या जनावरांच्या डॉक्टरांचा हात गाई-म्हशींवर बसलेला असतो. तेव्हा कोल्हापुरात किंवा इचलकरंजीत सशांचे दात कापणारे, त्यांना औषध देणारे कोण आहेत, ते आधीच विचारून ठेवा. खर्चाचाही अंदाज घ्या. मादी असेल आणि लघवीत रक्त दिसलं तर थांबू नका. वयस्क माद्यांना गर्भाशयाची गाठ पुष्कळदा होते.

इतकं जमणार नसेल तर सरळ 'नाही' म्हणा. पुन्हा एकदा टाकला जाण्यापेक्षा ते त्याच्या हिताचं. आणि जमणार असेल, तर आणताना आधीच्या घरी तो काय खात होता ते विचारून घ्या. पहिला आठवडा तेच द्या. बदल करायचा तो हळूहळू, मूठमूठभरानं.