कुन्हांचे मजूर आणि आपले 'भायले'

परवा पेडण्याच्या बाजारात चहाला थांबलो होतो. शेजारच्या बाकावर मोपच्या बाजूला कामाला असलेले झारखंडकडचे तीन-चार पोरगे बसले होते. भजी खाल्ली, पैसे दिले, उठले. त्यांची पाठ वळली मात्र, आणि माझ्या ओळखीचे एक गृहस्थ म्हणाले, "या भायल्यांनी गोवा खाऊन टाकला." चारजणांनी माना डोलावल्या. मी गप्प राहिलो, हे आधीच कबूल करतो.

हे गृहस्थ साधे नव्हेत. मराठीवर त्यांचा जीव आहे, घरात पुस्तकं आहेत, आणि दर 18 जूनला ते क्रांतिदिनाचं भाषण करतात. त्यात त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांचं नाव हमखास असतं. 'गोव्याच्या राष्ट्रवादाचे जनक.' टाळ्या. पुढचं नाव.

माझं भांडण या टाळ्यांशी आहे. कुन्हा हा माणूस आपण वाचलेलाच नाही. ते साष्टीचे, चांदरला 1891 साली जन्मलेले, लिहायचे फ्रेंच, पोर्तुगीज आणि इंग्रजीत. तेव्हा आम्हां डिचोली-पेडण्याच्या मराठी वाचकांना ते कायम पाहुण्यासारखेच राहिले. आझाद मैदानावर स्मारक आहे, येता-जाता बघतो, संपलं.

खरं तर हा माणूस आधी पत्रकार. पॅरिसला विजेचं इंजिनिअरिंग शिकायला गेला आणि तिथल्या डाव्या, साम्राज्यविरोधी मंडळींत रमला. जालियनवाला बागेत काय झालं, गांधी नावाचा माणूस काय करतो आहे, हे फ्रेंच वाचकांना सांगणाऱ्यांत तो होता. 1926 साली गोव्यात परतला. चांगल्या घरचा, शिकलेला. सुखात राहायला काहीच हरकत नव्हती.

आणि परतल्यावर हाती काय घेतलं? आसामच्या चहामळ्यांत नेलेल्या गोव्याच्या कुणबी मजुरांचा प्रश्न! आपल्याच गावांतली गरीब माणसं मळेवाल्यांनी हजारो मैलांवर नेली होती, तिथं त्यांचे हाल चालले होते आणि पोर्तुगीज सरकारला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. कुन्हांनी हे चव्हाट्यावर आणलं, त्यांना परत आणण्यासाठी खटपट केली. गोवा काँग्रेस समिती 1928 ची, 'डिनॅशनलायझेशन ऑफ गोवन्स' 1944 चं, लोहियांची मडगावची सभा 1946 ची. म्हणजे ज्याला आपण राष्ट्रवादाचा जनक म्हणतो, त्याच्या गोव्यातल्या कामाची सुरुवातच परमुलखात राबणाऱ्या मजुरांपासून झाली. आपल्या भाषणांत आसाम कधी येतो का? मी तरी ऐकलेला नाही.

पुढची कथा थोडक्यात सांगतो, ती तुम्हांला माहीत असेल. 1946 च्या जुलैत अटक, लष्करी न्यायालयापुढे खटला, आठ वर्षांची शिक्षा, पोर्तुगालात पेनिशच्या किल्ल्यात कैद. सुटल्यावर निसटून पॅरिस, 1953 साली मुंबई, तिथं 'फ्री गोवा' हे पत्र. 26 सप्टेंबर 1958 रोजी मुंबईतच गेले. मुक्ती काही त्यांना दिसली नाही.

आता कुणी म्हणेल, अहो, आसामला गेलेले आपले गरीब होते, हे मात्र इथल्या जमिनी आणि नोकऱ्या बळकावायला आलेत. थांबा जरा. मोपच्या पठारावरची जमीन त्या भजी खाणाऱ्या पोरग्याने घेतली काय? विमानतळाचं उद्घाटन 2022 साली झालं. त्याच्या आधीपासून आजूबाजूच्या जमिनींचे सौदे कुणी केले, मधले दलाल कोण, हे पेडण्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्यांतले किती 'भायले' ते मोजा. आणि डिचोली? शिरगावच्या विहिरी आणि शेतं खाणींनी मारली, ती काय बिहारच्या हमालाने? खनिज बार्जमधून मुरगावला गेलं, तिथून बोटीने परदेशी गेलं, ट्रक आपले होते आणि मौन पण आपलंच होतं. 2012 साली खाणी बंद पडल्या तेव्हा आपण रस्त्यावर उतरलो, ते ट्रकांच्या हप्त्यांसाठी. विहिरींसाठी उतरलेले बोटांवर मोजण्याइतके.

गोव्यावर ताण आहे, हे मला नाकारायचं नाही. डोंगर कापले जातात, शेतं बुजवली जातात, भाडी परवडत नाहीत. पण ज्याने डोंगर विकला त्याला आपण 'भाई' म्हणतो आणि ज्याने तो पाटी डोक्यावर घेऊन उपसला त्याला 'भायला'. कुन्हांचं डावेपण नेमकं इथं आपल्याला अडचणीचं होतं. ते मालकाकडे बोट दाखवायचे, आपल्याला मजुराकडे दाखवणं सोपं जातं.

आणि आम्ही पेडणेकरांनी हा शब्द वापरावा? 1788 मध्ये पोर्तुगिजांकडे आलेला हा तालुका, सावंतवाडीशी सोयरीक, मराठी शाळा. 'घाटी' हा शेलका शब्द आपल्याला जुन्या काबिजादींतून किती वेळा ऐकवला गेला? मुंबईत खोलीत दहा-दहाजण दाटीने राहून नोकरी करणारे आपले आजे-पणजे तिथं कोण होते?

पत्रादेवीला जाऊन या एकदा. 15 ऑगस्ट 1955 ला तिथं पोर्तुगिजांच्या गोळीला छाती देणारा कर्नेलसिंग बेनिपाल पंजाबचा. त्याच्याकडे कुणी रहिवासी दाखला मागितला नव्हता.

येत्या 18 जूनला त्या गृहस्थांच्या आधी बोलायची पाळी माझी आहे. दहा मिनिटं मिळतील. आसामच्या चहामळ्यांवर बोलणार आहे. बाजारात जे बोललो नाही ते तिथं बोलतो. नंतर त्यांना काय वाटेल ते वाटू दे.