गोंगाटात हरवलेली हाक

जैन दर्शनात जीवांची वर्गवारी इंद्रियांच्या संख्येवरून केलेली आहे. स्पर्शापासून सुरू होणाऱ्या या क्रमात पाचवे आणि शेवटचे इंद्रिय म्हणजे कान. डुक्कर हा पंचेंद्रिय तिर्यंच. तेरावे तीर्थंकर भगवान विमलनाथ यांचे लांछन वराह आहे, हेही श्रावकांना ठाऊक असते. त्याच प्राण्याच्या श्रोत्रेंद्रियाचा विचार युरोपात कायद्याच्या भाषेत झालेला आहे.

युरोपीय संघाच्या २००८ सालच्या निर्देशानुसार, डुकरे ठेवलेल्या जागेत ८५ डेसिबलइतका सततचा आवाज असू नये आणि एकाएकी होणारा आवाजही टाळावा. चक्रवाढ व्याज जाणणाऱ्या व्यापाऱ्याला हे माप समजण्यास अवघड नाही. दहा डेसिबल वाढले की ध्वनीची तीव्रता दहापट होते, वीस वाढले की शंभरपट. भारतातील २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. ८५ म्हणजे तिच्या हजारपट. युरोपातच कामगारांसाठीही ८५ हाच आकडा आहे. आठ तासांच्या पाळीत तेवढा आवाज असल्यास कानांना संरक्षक साधन लावणे सक्तीचे ठरते. कामगार ते साधन लावतो आणि पाळी संपताच घरी जातो. जनावर तेथेच राहते.

डेन्मार्क, नेदरलँड्स, जर्मनी या देशांत डुकरे बहुधा बंदिस्त शेडमध्ये वाढविली जातात. हवा खेळती ठेवण्यासाठी पंखे अहोरात्र फिरतात. खाद्य देण्याची वेळ झाली की शेकडो जनावरे एकदम ओरडू लागतात आणि आवाज शंभर डेसिबलच्याही वर जातो. माणसाला सुमारे २० हजार हर्ट्झपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो, डुकराला सुमारे ४० हजारांपर्यंतचा. म्हणजे यंत्राची जी कर्कश शीळ मालकाच्या कानी पडतही नाही, ती त्याला ऐकावी लागते. एकाएकी आवाज झाला की त्याच्या हृदयाचे ठोके वाढतात, ते दचकून पळू पाहते. पण पळण्यास जागा नसते.

याहून विचार करण्याजोगी गोष्ट पिल्लांची आहे. डुकरीण साधारण तासाभराने पिल्लांना पाजते, पण दूध वाहते ते जेमतेम वीस सेकंद. ती प्रथम संथ लयीत हुंकार देते. पिल्ले जमतात, आपापला सड धरून नाकाने आचळ ढोसू लागतात. मग हुंकारांची लय एकदम द्रुत होते आणि थोड्याच वेळात दूध उतरते. ही लय हाच पिल्लांचा संकेत. स्वीडनमधील बो आल्गर्स आणि पेर येन्सेन या संशोधकांनी १९८५ मध्ये दाखवून दिले की, पंख्यांच्या सततच्या आवाजात हा संकेत पिल्लांपर्यंत नीट पोहोचत नाही. पुढे त्यांनी दुधाचेही मोजमाप केले. गोंगाटात पिल्लांचे आचळ ढोसणे कमी होते आणि त्यांना दूधही कमी मिळते.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. या शेडमध्ये कोणी पिल्लाच्या तोंडचे दूध काढून घेतलेले नाही, पंखा तर हवेसाठीच लावलेला आहे. तरीही घडते ते अन्नपाननिरोधाहून फारसे वेगळे नाही. तेथील जाणते पशुपालक आता सर्व जनावरांना एकाच क्षणी खाद्य मिळेल अशी व्यवस्था करतात आणि पंख्यांची देखभाल वेळेवर करतात. त्यात वजनवाढीचा हिशेब आहेच. जनावराला मिळणारी शांतता मात्र खरी असते.

हा व्यवहार आपला नव्हे, असे श्रावक कुटुंब म्हणू शकते. मांसासाठी प्राणी पाळणे हेच मुळात अमान्य असल्यावर आवाजाची चर्चा दुय्यम ठरते, हा आक्षेप रास्त आहे. परंतु श्रोत्रेंद्रियाचा प्रश्न पांजरापोळातही आहे. १८३४ मध्ये शेठ मोतीचंद अमीचंद आणि सर जमशेटजी जीजीभाई यांनी स्थापन केलेली मुंबईची पांजरापोळ आज भुलेश्वरच्या भर बाजारात आहे. गाईची श्रवणशक्तीही माणसाहून तीक्ष्ण असते, सुमारे ३५ हजार हर्ट्झपर्यंत. असे असता गोशाळेतील दानसमारंभात ध्वनिक्षेपक गोठ्याकडे तोंड करून लावलेले आणि शेजारी बॅण्ड वाजत असलेला दिसणे हे काही नवलाचे राहिलेले नाही. दात्याचे नाव पुकारले जात असताना मागे वासरे दाव्याला हिसके देत असतात. समारंभ अंगणाबाहेर घेणे, जनरेटर भिंतीपलीकडे नेणे, कुरकुरणाऱ्या पंख्याला वेळेवर तेल देणे यांस मोठा निधी लागत नाही. ध्वनिमापकही फार महाग नसतो. विश्वस्तांनी तो व्यासपीठावर न धरता गोठ्यात, जनावराच्या कानाच्या उंचीवर धरून आकडा पाहावा, आणि तो वार्षिक अहवालात जमाखर्चाशेजारी छापावा.