अवसर, पण कोणता?

कर्नाटकात शिरलं की रस्त्याच्या कडेला पाटी दिसते, ‘अवसरवे अपघातक्के कारण’. महाराष्ट्रात तीच गोष्ट ‘अति घाई, संकटात नेई’ अशी लिहिलेली असते. दोन्ही भाषा घरात नांदणाऱ्या आपल्यासारख्यांना यातली गंमत लगेच कळते. कन्नडमधला ‘अवसर’ म्हणजे घाई आणि मराठीतला ‘अवसर’ म्हणजे सवड, संधी. हद्द ओलांडली की एकच शब्द कूस बदलतो. ही पाटी गाडी चालवणाऱ्यासाठी असली, तरी गाडी समोरून ठोकल्यावर ती अंगणातच दुरुस्त करायला बसणाऱ्यालाही ती लागू पडते.

आमच्या बुऱ्हाणपुरातून इंदूर-इच्छापूर रस्ता जातो. केळीचा जिल्हा, त्यामुळे ट्रक आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्या यांची वर्दळ कायमची. लालबागेतल्या आमच्या शेजाऱ्यांची छोटी मोटार गेल्या हिवाळ्यात अशाच एका ट्रॉलीवर मागून आदळली. वेग बेताचा होता, कुणाला खरचटलंही नाही. बंपर फाटला, डावा दिवा फुटला आणि बॉनेटने तोंड वासलं. रविवारी घरातला मुलगा पाने-पेचकस घेऊन बसला. हाताला वळण आहे त्याच्या. आई ओट्यावरून म्हणाली, “कर बाळा, हौसेनं कर. पण नंतर मी या गाडीत नातीला घेऊन बसू का, तेवढं सांग.”

मंडळी, घरच्या दुरुस्तीची खरी कसोटी या प्रश्नात आहे. गाडी पुन्हा चांगली दिसेल का, हे त्यानंतरचं.

पान्याला हात लावण्याआधी कागद हातात घ्यावेत. अपघातात कुणाला इजा झाली असेल तर 1988 च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे आधी उपचार आणि मग पोलिसांना व विमा कंपनीला खबर देणं हे चालकाचं कर्तव्य आहे. विम्याचा दावा करायचा असेल तर पाहणी होईपर्यंत काही उघडू नये, चारी बाजूंनी फोटो मात्र काढून ठेवावेत. नुसता ‘थर्ड पार्टी’ विमा असेल तर आपल्या गाडीचा खर्च आपल्याच खिशातून. पूर्ण विमा असला तरी हिशेब करावा. साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या भागांच्या किमतीत 50 टक्के कपात होते आणि 1500 सीसीपर्यंतच्या मोटारीला वर 1000 रुपये आपले आपण भरायचे असतात. म्हणजे 4000 च्या बंपरचे हातात येणार 1000. त्यासाठी दावा केला तर हप्त्यावरची सूट जाते. ही सूट पहिल्या वर्षी 20 टक्के असते आणि दावा न करता पाच वर्षं गेली की 50 टक्क्यांपर्यंत पोचते. किरकोळ कामाला घरची दुरुस्ती परवडते ती यामुळे.

आता काम. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगडाची उटी. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावं, कारण रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडलं तर उकळता फवारा तोंडावर येतो. बॅटरीची उणे बाजूची वायर आधी सोडावी. काही गाड्यांत किल्ली काढल्यावरही पंखा अचानक फिरू लागतो आणि बोटं त्याच्याजवळ असतात. एअरबॅगच्या गाडीत वायर सोडल्यावरही काही मिनिटं थांबावं, कारण त्या यंत्रणेत थोडा वेळ वीज साठून राहते.

बंपर बहुधा स्क्रू आणि प्लास्टिकच्या क्लिपांवर असतो. कुठला स्क्रू कुठला, हे लक्षात राहत नाही. जुन्या इडलीपात्राच्या खळग्यांत ते क्रमाने ठेवले तर बसवताना शोधाशोध होत नाही. बंपर, जाळी, दिवा, नंबरप्लेट एवढं घरी बदलता येतं. रेडिएटर गळतोय का ते खालच्या फरशीवरून कळतं. कूलंट सांडला तर लगेच पुसावा. तो गोडसर लागतो आणि विषारी असतो, त्यामुळे मुलं आणि मांजर-कुत्री दूर ठेवावीत. एसीच्या नळ्या मात्र उघडू नयेत, त्यातला वायू दाबाखाली असतो. बॉनेटचं कुलूप दहादा लावून पाहावं. वेगात बॉनेट उघडून काचेवर आलं तर समोरचं काहीच दिसत नाही.

इथवर हौस चालते. पुढची रेषा नीट समजून घ्यावी. डिसेंबर 1983 मध्ये आलेल्या मारुती 800 पासून घरोघरी पोचलेल्या छोट्या मोटारींना जीपसारखी वेगळी चासी नसते. पत्र्याची पेटी हाच त्यांचा सांगाडा. मोटारीच्या नाकाने धडकेत ठरल्याप्रमाणे चुरगळावं आणि माणसं बसतात तो भाग शाबूत राहावा, ही कल्पना मर्सिडीजच्या बेला बारेनी या अभियंत्याने 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला मांडली. म्हणजे पुढच्या लांब पट्ट्या आपल्यासाठी मार खातात. त्या वाकल्या असतील तर घणाने सरळ करून, गॅसने तापवून, वर लांबी भरून रंग दिला की गाडी नवी दिसते. पण तापवलेलं मजबूत पोलाद आपली ताकद गमावतं आणि पुढच्या धडकेत ती पट्टी मार झेलत नाही. तो मार मग आतल्या माणसांवर येतो.

पट्टी वाकली आहे का, याचा अंदाज घरी घेता येतो. बॉनेट आणि दोन्ही फेंडरमधली फट सारखी आहे का पाहावं. इंजिनखान्यात दोन्ही बाजूंच्या सारख्या भोकांपासून टेपने तिरकी मापं घ्यावीत. मापं जुळली नाहीत, दार घासू लागलं किंवा स्टिअरिंग एका बाजूला ओढू लागलं, तर पाने खाली ठेवून जाणत्या डेंटरकडे जावं. सांगाडा ओढून मापात आणण्याचं यंत्र असलेलं गॅरेज गाठावं. एअरबॅग उघडली असेल किंवा सीटबेल्टला जोराचा हिसका बसला असेल तर ते नवेच हवेत. नव्या मोटारींत चालकासाठी एअरबॅग 1 जुलै 2019 पासून सक्तीची झाली, तेव्हापासून हा प्रश्न छोट्या गाड्यांतही आला. भंगारबाजारातली बॅग स्वस्त मिळते, पण ती फुगेल की नाही हे तपासायची सोय कुणाकडेच नसते.

हाताच्या कसबाला कमी लेखायचं कारण नाही. यशवंतराव चव्हाणांच्या जन्मगावी, सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे इथे दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी छोटी चारचाकी बनवली. खर्च साधारण 60 हजार रुपये. डिसेंबर 2021 मध्ये आनंद महिंद्रा यांनी त्यांचं जाहीर कौतुक केलं आणि गाडी नियमांत बसत नाही हेही त्याच वेळी सांगितलं. तिच्या बदल्यात त्यांनी बोलेरो देऊ केली आणि जानेवारी 2022 मध्ये ती लोहार कुटुंबाला मिळाली. कसबाला मान मिळाला आणि रस्त्यावर चालवायला नियमात बसणारी गाडीही आली.

तेव्हा दुरुस्तीला बसताना कन्नडमधला अवसर बाजूला ठेवावा आणि मराठीतला घ्यावा. सगळं बसवून झाल्यावर संध्याकाळी गाडी भिंतीसमोर उभी करून दोन्ही दिव्यांचे झोत एका उंचीवर पडतात का ते पाहावं, नाहीतर समोरच्याचे डोळे दिपतात. पहिली फेरी एकट्याने, रिकाम्या गल्लीत, हळू मारावी. ब्रेक लावून सरळ थांबते का, पाण्याचा काटा वर चढतो का, हे बघावं. मनात शंका उरली तर गाडी आणखी चार दिवस दारात उभी राहू द्यावी. तोवर रिक्षा आहेच.